चाळीस मिनिटांची पांढरी पट्टी

चैत्र लागला की मी वर बघायचं टाळते. ढगांवर पोट भरणाऱ्या बाईनं असं म्हणणं शोभत नाही, पण खरं ते हेच. बाकी वर्षभर माझी मान वर असते. गच्चीवर कपडे वाळत घालताना, बसच्या खिडकीतून, लग्नाच्या मांडवातसुद्धा, कुठंही ढग दिसला की मनातल्या मनात त्याची उंची मोजून होते. चैत्रात मात्र मी आपली खाली बघून चालते. या दिवसांत आकाशात पिसासारखी, विरत चाललेली एखादी पांढरी रेघ दिसली की मला ढगाच्या आधी एक अंगण दिसतं. शेणानं सारवलेलं, आणि त्यात पसरलेली मोहफुलं.

यंदा तेवढं पथ्यही कामाला आलं नाही. मी काम करते त्या संस्थेतली एक मैत्रीण कुठल्याशा प्रदर्शनातून मोहाचे लाडू घेऊन आली. चकचकीत डबा, वर पानाफुलांची नक्षी. "घे ना, तुझ्याच भागातले आहेत," ती म्हणाली. डबा उघडला आणि तो गोड, जड, जरासा आंबूस वास टेबलावर पसरला. मी लाडू घेतला, कागदात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवून दिला. दोन दिवसांनी त्याला मुंग्या लागल्या तेव्हा फेकला. 'तुझ्याच भागातले' हे शब्द काही फेकता आले नाहीत.

माझा भाग म्हणजे वडसा. वडील राईस मिलमध्ये नोकरीला होते, घरात भाताच्या कोंड्याचा वास कायम. थंडीत नाटकांचे मांडव पडत आणि आम्ही मुलं शाळेत पेंगत असू. मोह आमच्या घरी बाजारातून येई. आई तो तव्यावर भाजून तिळासोबत कुटायची. पुढं शिकत शिकत मी लांब गेले, आणि ज्या यंत्रानं मला माझ्या जिल्ह्यात परत आणलं त्याचं नाव लायडर. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणी म्हणेल, शहरातली बाई, तिला काय कळणार. मला कळत होतं.

लायडर म्हणजे काय, हे मी त्या वर्षी इतक्या वेळा सांगितलं की आता झोपेतही सांगेन. एक हिरवा प्रकाशाचा झोत सरळ वर सोडायचा. वाटेत काही आडवं आलं की त्यातला थोडा प्रकाश परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून ते आडवं आलेलं किती उंचीवर आहे ते कळतं. मला बघायचे होते ते चौदा-पंधरा किलोमीटरवरचे सिरस ढग. बर्फाच्या बारीक कणांचे, इतके विरळ की पुष्कळदा डोळ्यांना दिसतही नाहीत. आपण म्हणतो आकाश निरभ्र आहे, आणि वर तो पदर पसरलेला असतो. खाली दिवे नकोत, धूर कमी हवा, म्हणून धानोरा तालुक्यातलं एक गाव निवडलं. गावाचं नाव सांगत नाही. नाव घ्यायचा हक्क मी गमावलाय असं मला वाटतं.

शाळेची जुनी स्वयंपाकाची खोली मिळाली. तिच्या पत्र्यात चौकोनी भोक पाडून वर सरकतं झाकण बसवलं. झाकण जरा गळकं होतं म्हणून त्यावर टाकायला ताडपत्री आणि दोऱ्या. खोलीला लागूनच एक आळी सुरू व्हायची, आणि आळीतलं पहिलं घर मैनाबाईचं. माझं जेवण तिच्याकडं. तिचा नवरा दसरूभाऊ. झाडावरून पडून त्यांचा एक पाय कायमचा अधू झालेला, त्यामुळे ते दिवसभर अंगणात बाजेवर बसून बांबूच्या टोपल्या विणत. लेक लग्न होऊन दोन गावं पलीकडं दिलेली. जेठात ती बाळंतपणाला माहेरी यायची होती.

पहिल्या संध्याकाळी झोत सुरू केला तेव्हा सगळं गाव जमलं. अंधार पडता पडता ती हिरवी रेघ थेट वर गेलेली दिसली आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या. मग दसरूभाऊ काठी टेकत पुढं आले.

"हे वरतं जाऊन वापस येते?"

"हो, येतं."

"आन का सांगते?"

"ढग किती उंचीवर आहे ते सांगतं."

"पाणी कवा पडन थे?"

"ते नाही सांगत, भाऊ."

त्यांनी मान वर करून रेघेकडं बघितलं. "मंग एवढं वरतं काऊन जाते थे?" असं म्हणून आपल्या बाजेकडं परत गेले. लोक हसले, मीही हसले. त्या दिवशी मी खरं बोलले होते याचं आता मला अप्रूप वाटतं.

त्या हंगामातल्या पहाटा मला अजून जशाच्या तशा आठवतात. मोहाचं फूल पडताना आवाज होतो हे मी वडशात वाढूनही ऐकलं नव्हतं. झाडाखालचा पाला आधीच झाडून जागा स्वच्छ केलेली असते, तिथं नाही आवाज होत. पण कडेला, जिथं कोरडा पाला राहिलेला असतो, तिथं टप, टप, असं एकेक फूल उतरत असतं. बाया उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन निघत. मी रात्रभर यंत्रापाशी जागून, डोळे चोळत त्यांच्या मागं जाई. मोतीरंगाची, रसानं फुगलेली ती फुलं बोटांना चिकटायची. मैनाबाई दोन्ही हातांनी वेचायची आणि मी एका हातानं, कारण दुसऱ्या हातात मोबाईल असे. "मॅडम, फोटो काढू काढू पोट भरते का?" ती विचारायची. मग मी मोबाईल ठेवून वेचायला लागे, आणि पाच मिनिटांत कंबर धरून उभी राहत असे.

ऊन चढलं की फुलं अंगणात पसरली जात. प्रत्येक घरापुढं मोह. दिवसातून चारदा पायानं, हातानं तो परतायचा. तीन-चार दिवसांत फूल आक्रसतं, आधी पिवळं, मग तांबूस, मग मनुकांसारखं तपकिरी. पुरतं वाळलं की वर्षभर टिकतं. पण वाळायच्या आत पाणी लागलं तर काळं पडतं, आंबतं, मग ते बैलापुढं टाकायच्याही लायकीचं राहत नाही. त्या आळीत मोह म्हणजे पावसाळ्यातले दोन महिने होते. घरातलं धान संपत आलेलं असतं, नवं शेतात उभं असतं, तेव्हा याच मोहाच्या बदल्यात तांदूळ-तेल घरात येतं. मैनाबाईच्या लेकीचं बाळंतपणही त्या अंगणातच वाळत होतं.

म्हणूनच त्या मला विचारू लागल्या.

पहिल्यांदा मैनाबाईनंच विचारलं. सकाळी भाकर वाढता वाढता सहज म्हणाली, "आज पाणी येते का, मॅडम?" मी सांगितलं, माझं यंत्र ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. त्या दिवशी आकाश धुतल्यासारखं होतं. मी म्हटलं, "नाही येत." नाही आलं. तिसऱ्या दिवशी तेच. मग शेजारणी विचारू लागल्या. मी अंगणात येऊन उभी राहिले की झाडू थांबायचे. मी कपाळावर हात धरून वर बघायची, जरा वेळ घ्यायची आणि सांगायची, आज नाही. आठ-दहा दिवस माझा एक शब्द चुकला नाही. चुकणार कसा? त्या दिवसांत पाऊस पडतच नव्हता. पण आपलं बोलणं खरं होताना बघायची चटक लागते. आयुष्यभर माझ्या संशोधनाचा उपयोग कुणी विचारला की मी चाचरायचे. इथं आळीभर बाया माझ्या तोंडाकडं बघून दिवस ठरवत होत्या. यंत्राला यातलं काही कळत नाही हे मी सांगायचं बंद केलं, ते कधी, मला नेमकं आठवतही नाही.

आणखी एक लाजिरवाणी गोष्ट. मी त्यांच्याशी छापील मराठी बोलायचे. घरी आईशी फोनवर 'मले', 'तुले', बायांनीही 'मी येतो' म्हणणं, सगळं चालायचं, पण अंगणात उभी राहिले की 'आज पर्जन्याची शक्यता नाही' इथपर्यंत माझी मजल गेली होती.

तो दिवस आळीतल्या सगळ्यांच्या नात्यातल्या एका लग्नाचा होता. नवरा मुलगा मैनाबाईच्या बहिणीचा. गाव दोन कोसांवर. सगळी आळी जाणार होती, आणि सगळ्या आळीचा मोह अंगणात होता, अजून एक-दोन उन्हं लागली असती तर पोत्यात भरण्याजोगा.

सकाळी मैनाबाई नवं लुगडं नेसून माझ्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, रात्री चांदाले खळं पडलं होतं. पाणी येते का पाहा बरं. येत असन तं मी थांबतो, लग्न का पळून नाई जाऊन राह्यलं."

ते खळं मीही पाहिलं होतं. त्या रात्री यंत्रावर जे उमटलं त्यानं मी हरखून गेले होते. एकावर एक दोन थर, वरचा अगदी तलम, तासन्‌तास न हलता. असं दृश्य मिळावं म्हणून माणसं वर्षानुवर्षं थांबतात. मी झोपलेही नव्हते. आणि त्या आनंदाच्या भरात मी मैनाबाईला एक धडाच दिला. ते खळं म्हणजे बर्फाच्या कणांतून चंद्राचा प्रकाश वळतो म्हणून दिसतं. तो ढग चौदा किलोमीटरवर आहे. त्याच्यातून पाण्याचा थेंबही खाली येत नाही. तुम्ही जुनी माणसं खळ्याला घाबरता, पण त्यात काही अर्थ नाही.

"म्हणजे जाऊ?"

"निश्चिंत जा."

ती आळीत फिरून सगळ्यांना सांगून आली. मला तिचा आवाज ऐकू येत होता: "मॅडम म्हणते, पाणी नाई. मोह राहू द्या तसाच."

मी सांगितलेलं एकेक वाक्य खरं होतं. हेच तर मला सुटत नाही. तो ढग चौदा किलोमीटरवर होता, तो पाणी देत नाही, खळं बर्फाचंच. फक्त एक गोष्ट मी सांगितली नाही, आणि ती माझ्या विषयाच्या पहिल्या धड्यातच असते. असे ढग बहुतेक वेळा वादळी ढगांच्या माथ्यावरून वाहत येतात. कुठंतरी नैऋत्येला, जिवतीच्या डोंगरांकडं, आदल्या दुपारी मोठे ढग उठले होते, त्यांचाच तो वर सुटलेला पदर आमच्या डोक्यावर आला होता. जिथून पदर आला तिथून बाकीचं लुगडंही येऊ शकतं. मैनाबाई खळ्यावरून जे म्हणत होती तेच माझं यंत्रही म्हणत होतं. ऐकायचं होतं मी, आणि मी बोलत होते.

दुपारी आळी रिकामी झाली. दसरूभाऊ तेवढे बाजेवर. साडेतीनला मी झाकण उघडून यंत्र सुरू केलं. चारला पडद्यावर खालच्या उंचीवर काहीतरी दाट दिसायला लागलं. बाहेर येऊन बघितलं तर नैऋत्येला काळं-निळं उठलेलं, कडा फुगत चाललेली. खालचा दाट ढग आला की आमचा झोत तिथंच अडकतो, वरचं काही दिसत नाही, आणि पावसाचा थेंब आत पडला तर आरसा खराब होतो. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. मी शिडीवर चढले, झाकण सरकवलं, ताडपत्री टाकली, दोऱ्या बांधल्या. खाली येऊन वहीत लिहिलं: 'चार वाजून दहा मिनिटं. खालचे ढग. बंद.'

मग मी आत बसून चहा केला.

या वाक्यापाशी मी दरवर्षी येते आणि दरवर्षी इथून पळून जायला बघते. तेव्हा मी स्वतःला काय सांगितलं तेही आठवतं. ढग कडेनं जाईल. इथला अंदाज मी वर्तवलाय, लगेच फिरवायचा कसा. रात्रीच्या नोंदींची दुसरी प्रत करून ठेवायला हवी. हे सगळं मी स्वतःला सांगितलं आणि दार घट्ट लावून घेतलं. खरं कारण याहून क्षुद्र आहे. मोह भरायला धावले असते तर दसरूभाऊंसमोर धावावं लागलं असतं. सकाळचं माझं भाषण त्यांनी बाजेवरून ऐकलं होतं. 'भाऊ, माझं चुकलं, उठा,' एवढं मला म्हणायचं नव्हतं. ढग फिरला तर म्हणायची गरजच पडणार नव्हती.

ढग फिरला नाही. पहिला थेंब पत्र्यावर वाजला तेव्हा घड्याळात चार पन्नास झाले होते. चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटांत एकटीनं मी मैनाबाईचं अंगण नक्की आवरलं असतं, दसरूभाऊंनी बसल्या बसल्या टोपल्या धरल्या असत्या तर शेजारची दोनही. सगळी आळी वाचली नसती. पण हा हिशेब मी इतक्या वेळा मांडलाय की त्यात काही दम उरलेला नाही.

थेंबाच्या पाठोपाठ वारा आला. ताडपत्रीची एक दोरी सुटली आणि ती पत्र्यावर फडाफड आपटायला लागली. मी धावत बाहेर आले, शिडीवर चढले, एक टोक धरलं, दुसरं सुटलं. तेवढ्यात खालून कुणीतरी दोरी ओढून धरली. दसरूभाऊ. काठी कुठंतरी टाकून, अधू पाय ओढत ते अंगणातून इथवर आले होते. भिंतीला पाठ लावून दोन्ही हातांनी दोरी ताणून उभे.

"धरा मॅडम, सोडू नका. मी हाओ इकडून."

"भाऊ, तुमचा मोह!"

"राहू द्या. तुमची मशीन महागाची हाय."

पाऊण तास ते तसेच उभे होते. माझी पाठ अंगणाकडं होती आणि त्यांचं तोंड अंगणाकडं. त्यांना सगळं दिसत होतं. मला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता, आणि मी तोही नीट बघितला नाही. पाऊस थांबला तेव्हा त्यांनी दोरी खुंटीला बांधून दिली आणि म्हणाले, "फूलच व्हय बाई थे. पुन्हा पडन." मग काठी शोधायला लागले. काठी मी शोधून दिली. त्या दिवशी मी त्यांच्यासाठी केलेलं तेवढं एकच काम.

दिवेलागणीला आळी परतली. भिजलेली लग्नाची लुगडी, कडेवर पोरं. अंगणांत पाणी साचलेलं आणि त्यात फुलं फुगून वर आलेली. कुणी आरडाओरडा केला नाही. पण एकेक बाई मैनाबाईच्या दारात येऊन बोलून गेली. मला कुणीच बोललं नाही, मी पाहुणी. तिनं सांगितलं म्हणून मोह बाहेर राहिला होता, तेव्हा तिलाच ऐकून घ्यायचं होतं. मी खोलीच्या दारात उभी होते. मैनाबाई म्हणाली, "माहीच चुकी हाय. खळं मीच पाह्यलो होतो ना. मॅडमले इचारासारखं का होतं त्याच्यात?"

मी तेव्हाही गप्प राहिले. जीभ टाळ्याला चिकटली होती असं लिहायचा मोह होतो, पण तसं काही नव्हतं. जीभ मोकळी होती.

दोन दिवसांनी मोह काळा पडला. तो वास अख्ख्या आळीवर बसला, माश्या घोंगावायला लागल्या. बायांनी तो गोळा करून गावाबाहेर नेऊन टाकला आणि पहाटे पुन्हा टोपल्या घेऊन गेल्या. पण त्या वादळानं झाडावरची उरलीसुरली फुलंही एकदमच झोडपली होती. हंगाम तिथंच आटोपला.

माझं काम जेठाच्या आधी संपलं. निघताना मी धानोऱ्याच्या बाजारातून दोन मोठ्या निळ्या ताडपत्र्या आणल्या आणि आळीला भेट दिल्या. भेट म्हणून. का देतेय ते सांगितलं नाही. गावानं शाळेच्या पटांगणात सतरंजी अंथरून मला शाल आणि नारळ दिला. एकानं भाषण केलं, मॅडमनी आपल्या गावाचं नाव वर नेलं. दसरूभाऊ पहिल्या ओळीत बसून टाळ्या वाजवत होते. ती शाल माझ्या कपाटात सगळ्यात खाली आहे. एकदाही अंगावर घेतलेली नाही.

त्या रात्रीच्या दोन थरांवर माझा लेख आला, बराच गाजला. त्यात मी स्वच्छ लिहिलं की हा ढग नैऋत्येकडच्या वादळी ढगांतून निघून आला असावा. मैनाबाईला न सांगितलेलं वाक्य मी जगाला सांगितलं. लेखात लग्नाच्या दुपारपासूनचाही आलेख आहे; त्यात हिरव्या-पिवळ्या रंगांच्या मधोमध एक पांढरी उभी पट्टी आहे. तिथं नोंद नाही. दाखवायची वेळ आली की हमखास कुणीतरी विचारतं, मधली ही पट्टी कसली? मी सांगते, खालचे ढग आले, यंत्र बंद ठेवलं होतं. समोरचा मान हलवतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. खरं तर त्या पट्टीची पहिली चाळीस मिनिटं कोरडी आहेत. तेवढ्यात काय झालं हे आलेखात दाखवायची सोय नसते.

लाडवाला मुंग्या लागल्या त्याच आठवड्यात मी रजा टाकली आणि वडशाला गेले. आईला म्हटलं, धानोऱ्याकडं एक काम आहे. ती म्हणाली, "एवढ्या उन्हात का काम काढलं, मोह पडून राह्यला आता, थे लोक कुठी घरी भेटतेत?" तरी गेले.

आळी तशीच होती. शाळेच्या त्या खोलीच्या पत्र्यातलं भोक बुजवून टाकलेलं. मैनाबाई अंगणात उकिडवी बसून मोह परतत होती. केस पार पांढरे झालेले. मला बघून उठली, ओळखायला क्षणभरही लागला नाही. बाज होती, बाजेवर कुणी नव्हतं. मी तिकडं बघितलं तशी ती म्हणाली, "गेले. मागच्या पाण्यात. ताप आला होता." नातवंडाचं कळलं, शाळेत जाते म्हणे. कुडाला लागून निळी ताडपत्री घडी घालून ठेवलेली होती. ऊन खाऊन तिचा रंग उडालेला, दोन ठिकाणी ठिगळ. "हे तुमचीच," ती म्हणाली. "आळीत सगळे मॅडमची ताडपत्रीच म्हणतेत. लय कामाची हाय."

म्हणजे इतकी वर्षं माझी लाज त्या आळीत चांगुलपणाच्या नावानं वापरात होती. ती पुन्हा मोह परतायला बसली, तशी मीही तिच्यासमोर खाली बसले.

बसले आणि सांगितलं. यायच्या गाडीत वाक्यं जुळवली होती ती सगळी छापील होती, त्यातलं एकही तोंडात आलं नाही. "मैनाबाई, त्या लग्नाच्या दिवशी पाणी येन म्हणून मले आधीच समजलं होतं. चाळीस मिनिटं आधी. मी माही मशीन झाकली. तुमचा मोह तसाच ठेवला. भाऊले आवाज नाई देल्ला."

तिचा हात मोहावर फिरत होता तो थांबला नाही. एक ओळ परतून झाली, दुसरी झाली.

"मले माहीत हाय," ती म्हणाली.

"कसं काय?" मी विचारलं.

"थे पाहून राह्यले होते ना बाजेवरून. तुमी शिडीवर चढल्या, झाकण लावलं, ताडपत्री बांधली. थे म्हणे, मॅडम झाकून राह्यली म्हणून मी काठी घेतली, मोह भरासाठी उठलो. मंग म्हणे, पाणी येत रायतं तं मॅडमनं आवाज देल्ला असता. नाई देल्ला, म्हणजे नाई येत. म्हणून बसलो वापस."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. कुणी कुठं बसलं होतं एवढंच सांगावं, तशा आवाजात सांगत होती. मला वाटत होतं की मी गप्प राहिले. माझं गप्प राहणंसुद्धा त्यांनी अंदाज म्हणून ऐकलं होतं, आणि त्यावर विश्वास ठेवून हातातली काठी खाली ठेवली होती.

"मग मले तवाच काऊन नाई बोलल्या?" मी विचारलं. "बाया तुमाले बोलून गेल्या, तुमी ऐकून घेतलं."

"मी येतच होतो तुमाकडं. त्यायनंच अडवलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्हणे, नको बोलू. पोरीले लाज वाटन."

 रडले मी, ते तिनं बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. ऊन कलायला लागलं होतं. वर, खूप वर, एक पांढरी बारीक रेघ पिंजत चालली होती. मी ती आधीच पाहिली होती आणि मान खाली घातली होती. आता तिनं पाहिली.

"हे का व्हय?"

"हा माहाच ढग व्हय. लय वरतं हाय. यातून पाणी नाई येत."

"मंग?"

"पण याच्या मागून खालचं येते का थे मले नाई सांगता येत, मैनाबाई. येऊ शकते."

तिनं उठून घरातून दोन टोपल्या आणल्या. एक माझ्यापुढं ठेवली. "तं भर, पोरी," म्हणाली.

दोन्ही हातांनी भरत गेले. मोह आत गेला, शेजारणी रानातून यायच्या होत्या म्हणून त्यांचाही कुडाआड ओढला, उरलेल्यावर ताडपत्री टाकून कडेनं दगड ठेवले. माझी कंबर धरली. अंधार पडला तेव्हा आळीत एकही फूल उघड्यावर नव्हतं.

पाऊस आला नाही. सकाळी आम्ही सगळा मोह पुन्हा बाहेर काढून पसरला.